दीडशे लिटरचा गिझर

ऐक. नुसतं ऐक, मधे तोंड घालू नकोस, कारण सगळी गंमत कोण किती वाजता आंघोळ करतं यातच आहे.

तर आत्या आल्या शुक्रवारी सकाळी अकराला. जिना चढून, दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत. ताईंच्या ऑफिसात खुर्च्या दोनच, त्यामुळे ठोंब्याला उठावं लागलं. ताई म्हणजे आधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या, आता स्वतःचं खासगी तपासाचं काम. आणि ठोंब्या म्हणजे त्यांचा जोडीदार. माणूस सोन्यासारखा, पण ट्यूब लागायला वेळ लागतो.

"माझा काटा काढलाय," आत्या म्हणाल्या. "कागदावर."

आणि त्यांनी पिशवीतून गिझरच्या दुकानाचा फॉर्म काढला.

झालं होतं असं. घरातला जुना गिझर गंजून गळायला लागला. मग ठरलं, सगळ्या घराला पुरेल असा एकच मोठा टाकीचा गिझर घ्यायचा. सोमवारी दुकानाचा माणूस येऊन फॉर्म भरून गेला. तो फॉर्म गुरुवारपर्यंत जेवणाच्या टेबलावर लोळत होता. गुरुवारी रात्री थोरल्या भाच्याने सही ठोकली आणि दुकानात द्यायला आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो वाचला. घरात असले कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच.

"ठोंब्या, मोठ्याने वाच," ताई म्हणाल्या.

"घरातली माणसं, चार. खाली पाच होते, व्हाइटनर मारलंय. टाकी दीडशे लिटर, तिथेही व्हाइटनर, आधी दोनशे. टायमर पहाटे पाच, ही ओळ खोडलीय. साडेसातची तशीच आहे. मग बसून आंघोळ करायला खाली नळ, धरायला दांडा, पाणी भाजू नये म्हणून मिक्सर. तिन्हींवर टिक. सही."

"घरात कोण कोण?"

"मी, माझा दादा, त्याचे दोघे मुलगे आणि थोरल्याची बायको. पाच!" आत्यांचा आवाज चिरकला. "दादा वर्षभर घोकतोय, तुझी खोली मिळाली तर माझी पुस्तकं लागतील. आता सांगा, पाचातलं कोण वजा झालं असेल? मला कुठे तरी नेऊन टाकणार आहेत हो. कधी, ते तरी कळू दे. सामान मी माझ्या हाताने भरेन."

ताईंनी फॉर्म उजेडाला धरला. "शनिवारी सकाळी या. तोवर हा माझ्याकडे राहू दे."

दुपारी ताई आणि ठोंब्या त्या घरी हजर. 'दुकानातून आलोय, फॉर्म तपासायला.' कुणी ओळखपत्रसुद्धा विचारलं नाही.

दादा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. पेपरमधून मान वर न काढता बोलणारा इसम.

"साडेसात म्हणजे साडेसात. कडक पाणी लागतं. त्याआधी या घरात गिझर लागत नाही. तीस वर्षांचा नियम आहे."

"इथे माणसं चार लिहिलीत."

"मग चार असतील. दीडशे लिटर खूप झाले. पुढे काय ते सूनबाईला विचारा."

ठोंब्याने ताईंकडे बघून भुवई उडवली. सापडला चोर! ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं आपण चहात पडलेल्या माशीकडे बघतो.

थोरला भाचा सोफ्यावर मोबाइल चोळत होता.

"सही माझीच. वाचायचं काय त्यात? गिझरच तर आहे. घरचं सगळं ती बघते."

"तुमची आंघोळ?"

"आठला. अर्धा तास शॉवर. मला तिथेच सुचतं."

"काय सुचतं?"

भाचा विचारात पडला. खरंच पडला! अजून पडलेला असेल.

धाकटा तिशीचा घोडा. व्यायाम करतो, म्हणून दोनदा आंघोळ. बाकी काय करतो ते त्यालाही माहीत नसावं. तो मात्र मोकळा बोलला, हसत हसत.

"टायमरची ओळ खोडली ना? अहो, सोमवारी तुमचा माणूस आला तेव्हा वहिनी एकटीच घरी होती. तिनेच सांगितलं होतं पहाटे पाच. मंगळवारी जेवताना बाबांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, 'वा, राणीसरकारांचं शाही स्नान! पाच वाजता गरम पाणी!' आम्ही सगळे इतके हसलो, आत्याला तर ठसका लागला."

"आणि वहिनी?"

"ती पोळ्या करत होती."

ती आताही स्वयंपाकघरातच होती. प्रत्येक डब्यावर नवीकोरी चिठ्ठी. 'मीठ'. 'साखर'. 'चहा, दोन चमचे'. कपाटाच्या दाराला गॅसवाल्याचा नंबर, आत्यांच्या गोळ्यांच्या वेळा, वॉशिंग मशीन कसं लावायचं. चिठ्ठ्यांचे कोपरेसुद्धा अजून उचलले नव्हते.

"किती टापटीप!" ठोंब्या भारावून म्हणाला.

"कोण किती गरम पाणी वापरतं?" ताईंनी विचारलं.

तिने भांडी घासता घासता सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. "बाबा तीस लिटर. हे साठ. भाऊजी दोन वेळचे मिळून चाळीस. आत्या वीस, त्यांना दहानंतर, बसून."

"आणि तुम्ही?"

"माझं पाचलाच उरकतं. गार पाण्याने."

"हिवाळ्यात?"

तिने नळ बंद केला. ताईंकडे बघितलं, पहिल्यांदाच. "हिवाळ्यातही पाचच वाजतात."

ताई तिथून निघाल्याच. जिन्यात ठोंब्या पुटपुटत राहिला, "दादाच. बहिणीची खोली हवीय, वीज वाचवायचीय, म्हणून पाचची ओळही खोडली. अगदी सरळ आहे."

"तुझ्यासारखंच," ताई म्हणाल्या.

शनिवारी आत्या आल्या. ठोंब्या आधीच उभा होता.

"तुम्हाला कुणी कुठे पाठवत नाहीये," ताई म्हणाल्या.

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. ताईंनी त्यांना पुरतं रडूही दिलं नाही.

"तुम्हाला काढायचं असतं तर खालचा नळ, दांडा, मिक्सर कुणासाठी ठेवला असता? व्हाइटनर हातात होतं. तिन्ही टिक तशाच आहेत. ठोंब्या, तीस, साठ, चाळीस आणि वीस, बेरीज कर."

"दीडशे... अरेच्चा!"

"वीस लिटर तुमचे आहेत, आत्या. फॉर्मवरच्या चौघांत तुम्ही आहात. हा हिशोब घरात एकाच माणसाला येतो. थोरल्याला स्वतःची सही कशावर आहे ते ठाऊक नाही, तो लिटर काय मोजणार? दादांनी ओळ खोडली असती, पण माणसं पाचच ठेवली असती. कमी झालेल्या माणसाबरोबर पाचची वेळ गेली. पाचला कोण उठतं?"

"सूनबाई!" आत्यांच्या तोंडून निघालं.

"सोमवारी तिने आयुष्यात एकदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं. गरम पाणी! मंगळवारी त्यावर तुम्ही सगळे हसलात. मग तिने स्वतःला फॉर्मवरून पुसलं, आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. जिला तिथेच राहायचंय, ती मिठाच्या डब्यावर 'मीठ' कशाला लिहील? त्या चिठ्ठ्या मागे राहणाऱ्या शहाण्यांसाठी आहेत."

"पण ताई," ठोंब्याला राहवेना, "जायचं तर गुपचूप जावं. फॉर्म कशाला बदलायचा?"

"तिचे पन्नास लिटर त्या तिघा घोड्यांच्या अंगावर ओतायला ठेवायचे? मीही ठेवले नसते."

आत्या अगदी हळू म्हणाल्या, "मीपण हसले होते."

"हो. आणि पाचातलं एक कमी झालेलं दिसल्यावर तुम्हाला एकच नाव आठवलं. स्वतःचं." ताईंनी फॉर्म पुढे सरकवला. "दुकान बाराला बंद होतं. घरी जाऊन सगळ्यांना सांगा, नाहीतर हा तसाच देऊन टाका."

ठोंब्याला वाटलं, आता बाई चिडून उठतील. आत्यांनी चष्मा पुसला.

"व्हाइटनर आहे का तुमच्याकडे?"

ठोंब्यानेच शोधून दिलं. आत्यांनी चारावर एक फटका मारला, फुंकर घातली आणि वर ठसठशीत तीन लिहिलं. मग खालचा नळ, दांडा, मिक्सर, तिन्ही टिक पुसल्या. दीडशेला हात लावला नाही. "माझे वीस राहू देत दादाला."

"नेईल का हो ती मला?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तिला विचारा. पाचच्या आत उठा आणि विचारा."

आत्या जिना उतरल्या. या वेळी गुडघ्यांना एकही शिवी नाही. ठोंब्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, सुनेचं गुपित असं फोडायला नको होतं, ताई. ताई खिडकीतून खाली बघत राहिल्या.

बरं, आता तू सांग. पहाटे पाचला, बॅग हातात घेऊन तू दारात उभी आहेस, आणि तुझ्यावर हसलेली म्हातारी पिशवी भरून समोर आलीय. तू काय केलं असतंस?