अकरा मिस्त्री आणि एक तुटकी चेन

राहीची साडी सायकलच्या चेनमध्ये अडकली ती नेमकी गनीभाईंच्या दुकानासमोर, आणि अडकली तीही अशी, की तिला धड उतरता येईना की पुढं जाता येईना. माळीवाड्याचा भर रस्ता, सकाळची नऊची वेळ आणि शाळेतली एक तरुण बाई एका पायावर उभी... बघ्यांची चंगळच झाली.

"कापा कात्रीनं," कुणीतरी फुकटचा सल्ला दिला.

"कापू नका हो! नवी आहे—"

"कोन कापतंय?" दुकानातून एक उंच, सावळा तरुण हात पुसत बाहेर आला आणि तिच्याकडं न बघताच खाली बसला. एका हातानं पायडल उलटं फिरवत, एकेका दात्यातून त्यानं कापड असं अलगद सोडवलं, की राहीला श्वास घ्यायचंसुद्धा भान राहिलं नाही.

"डाग पडला. रॉकेल लावा, जाईल," तो म्हणाला. मग सायकलीकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "हिला चेनकव्हर न्हाई, चाकाला जाळी न्हाई. ही सायकल हाय का सापळा?"

"सापळाच असेल. माणूस सापडलं की," ती पटकन बोलून गेली आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

तो हसला. गालाला वंगणाचा पट्टा होता, पण हसला छान. नाव गहिनीनाथ. गनीभाईंच्या दुकानातला मोठा मिस्त्री.

राही मूळची पारनेरची. डी.एड. होऊन चार मैलांवरच्या खेड्यात नोकरीला लागली होती आणि नगरात आत्याकडं राहत होती. एसटीचा भरवसा नाही म्हणून तिनं पहिल्या पगारातून ही जुनी लेडीज सायकल घेतलेली. शनिवारी ती दुकानात सोडून गेली आणि सोमवारी न्यायला आली, तर तिला आपली सायकल ओळखूच येईना! बाटलीसारखा गर्द हिरवा रंग. त्यावर दुधाळ रंगाची एकच बारीक रेघ, पुढच्या टोकापासून सीटपर्यंत वळत गेलेली. मागच्या चाकाला लाल-पिवळ्या दोऱ्याची विणलेली जाळी. मुठींना रबरी झुपके. अख्ख्या नगरात तशी सायकल दुसरी नव्हती.

"पट्टी लावून मारलीत रेघ?"

"पट्टी कशाला? हातानंच. श्वास धरायचा अन् एका दमात वढायची."

"मला बघायचंय."

"बघा की कवातरी, बाई."

पण ते 'कवातरी' काही येईना. राही संध्याकाळी शाळेतून येताना दुकानावर थांबायला लागली. कधी ब्रेक आवळायचा असे, कधी घंटी नीट वाजत नसे. घंटी बिचारी खणखणीत वाजत होती, हे गनीभाईंना दुकानाच्या आतपर्यंत ऐकू येई. गहिनीनाथ तिच्याशी बोले, हसे, चहा मागवी. मात्र ती आली की रंगाचा ब्रश हटकून डब्यात ठेवून देई. एकदा तर ती समोर बसली आणि हा सरळ उठून आतच गेला. तेव्हा राहीला वाईट वाटलं. आपण नको तितक्या येतो की काय इथं?

आणि अशातच वडिलांचं पत्र आलं. नेवाशाकडचं स्थळ होतं, मुलगा कारखान्यात कारकून, बारा एकर जमीन. 'दसऱ्याला दुपारी बारापर्यंत नगरला येतो. हो की नाही ते तुझ्या तोंडून ऐकून पाहुण्यांना कळवीन.' वडील, आसाराम, तसे भले गृहस्थ, मुलीला विचारत होते. पण विचारलं तरी राहीनं काय सांगावं? ज्याच्यासाठी नाही म्हणायचं, तो तोंडच उघडत नव्हता. आणि दसरा चार दिवसांवर आलेला.

गनीभाईंच्या दुकानाची दसऱ्याला एक रीत होती. खंडेनवमीला मिस्त्री लोक सगळे पाने, पक्कड, हातोड्या घासूनपुसून पाटावर मांडत, हळदकुंकू लावत. गनीभाई स्वतः झेंडू आणि पेढे आणत. त्यांच्या वडिलांपासून ते चालत आलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूजा हलेपर्यंत हत्याराला कुणी बोट लावायचं नाही. आणि दसऱ्याच्या सकाळी गावातले सगळे सायकलवाले सायकली सजवून डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालापर्यंत फेरीला जात. त्या वर्षी, एकाहत्तर साली, साठ सायकली होत्या. सगळ्यांत देखणी सायकल पुढं ठेवायची असे, आणि गनीभाईंनी राहीला पुढं घातलं.

"बाई, तुमच्यामागं अकरा मिस्त्री हायेत," ते म्हणाले. "घाबरायचं न्हाई."

घाबरायचं नाही म्हणाले, आणि डोंगराच्या पायथ्याला, चढ लागतो तिथं राहीनं जोर लावला मात्र, खाडकन आवाज झाला. चेन तुटून रस्त्यावर पडली. कडी कुठं उडाली कुणास ठाऊक.

अकराच्या अकरा मिस्त्री जमले. वाकले. एकानं सवयीनं खिशात हात घातला, दुसऱ्यानं सीटखालची पिशवी चाचपली. मग सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. सगळी हत्यारं दुकानात पाटावर, हळदकुंकू लावून!

"अकरा मिस्त्री अन् एक पाना न्हाई!" गनीभाई हसून हसून बेजार झाले. मग डोळे पुसत म्हणाले, "गहिनी, बाईंचे वडील बाराला येनार हायेत. ह्यांना पोचवायची जोखीम तुझी. आमी महाल बघून येतो." पत्राची गोष्ट राहीनंच त्यांना सांगितली होती. का सांगितली, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

साठातल्या अठ्ठावन्न सायकली चढाला लागल्या. खाली दोघंच राहिले.

"तुमी तुमच्या सायकलवर बसा," गहिनीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला. "मी माझ्यावरून वढत नेतो. फकस्त... हात धरावा लागंल."

त्याचा डावा हात, तिचा उजवा. सायकली जोडीनं निघाल्या. बाजूला बाजरीची शेतं पिवळी पडली होती, वारा मागून होता. हात घामेजला होता. त्याचा की तिचा, ते कळत नव्हतं.

मैलभर गेल्यावर तिनंच विचारलं, "मी दुकानात आले की तुम्ही ब्रश का ठेवून देता? मी आलेली आवडत नाही?"

"आवडत न्हाई?" त्याची सायकल जरा हेलपाटली. "बाई, धा वरसं झाली रेघा वढतोय, कवा हात हालला न्हाई. तुमी समोर बसल्या की... हालतो. तीन सायकली खराब केल्या. गनीभाईंनी पुन्ना रंगवून घेतल्या."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"काय सांगू? मी चौथी शिकलेला. तुमी बाई. तुमच्या वडलांनी कारकून बघितलाय म्हनं, गनीभाई बोलले..."

"वडिलांनी बघितलाय. मी कुठं बघितलाय?" ती म्हणाली. "बाराला मला उत्तर द्यायचंय. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. पण चौथीचं कारण सांगू नका."

त्यानं दोन-चार पायडलं जोरात मारली.

"मनात हाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं हाय, राही."

मग मात्र दोघं इतकं बोलले, इतकं बोलले, की भिंगार कधी मागं पडलं ते समजलं नाही. माळीवाड्याची वेस दिसायला लागली. दसऱ्याची गर्दी, ओळखीची माणसं, टकामका बघणाऱ्या बाया.

"हात सोडा आता," तो पुटपुटला. "गाव आलं. लोक काय म्हनतील?"

"सोडायचा असता तर धरलाच नसता," राही म्हणाली आणि बोटं आणखी घट्ट केली.

दुकानाच्या फळीवर फेटा बांधलेले आसाराम बसले होते. फेरी इथंच परत येते म्हणून आत्यानं त्यांना इकडं धाडलं होतं. त्यांनी दोन सायकली पाहिल्या, मग मधले दोन हात पाहिले आणि सावकाश उठून उभे राहिले. गहिनीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. राही उतरली, ती हात न सोडता.

"दादा," ती म्हणाली, "नेवाशाच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा."

"बरं." आसारामांनी घसा खाकरला. "अन् हे कोन?"

"हे गहिनीनाथ. सायकलीचे मिस्त्री आहेत. माझी सायकल यांनीच रंगवलीय. मला यांच्याशीच लग्न करायचंय, दादा."

आसाराम हिरव्या सायकलीजवळ गेले. खाली वाकून त्यांनी ती दुधाळ रेघ पुढून सीटपर्यंत बोटानं चाचपली, परत एकदा चाचपली. मग फेटा सारखा करून गहिनीनाथकडं वळले. आमच्याकडं मुलीचा बाप जावई करायच्या माणसाला पहिल्यांदा जे विचारतो, तेच त्यांनी विचारलं.

"पाव्हनं, गाव कंचं तुमचं?"

गहिनीनाथनं तोंड उघडलं. काही केल्या त्याला आपल्या गावाचं नाव आठवेना.

"पुणतांबं," राहीनं सांगून टाकलं.