गारांच्या पाण्याची बाटली

"मासे मेले नाही जी, मारले!"

शहपुऱ्याहून पहिल्या बसनं आलेल्या बेबीताई विजय नगरातल्या शरयू पाटणकरांच्या बैठकीत खुर्चीवर टेकल्यासुद्धा नव्हत्या. शरयू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर लोकांची बिंगं फोडण्याचा धंदा तिनं उघडला होता. थोरला भाऊ बापू तिच्या सोबतीला असे. रागाला पुढे, अकलेला मागे, असं तो स्वतःच सांगे.

बेबीताईंच्या गटातल्या अकरा बायकांनी गावचं तळं पंचायतीकडून भाडेपट्ट्यानं घेऊन तीन वर्षं मासे वाढवले होते. परवा पहाटे सगळे उलटे तरंगले.

"उद्या ग्रामसभा पट्टा काढून घेते. पंचायतीचे सल्लागार भय्यासाहेब म्हणतात, गारपिटीनं आभाळातून खत पडलं, शेवाळ माजलं, अन् आम्हा बायकांना तळं सांभाळता येत नाही. तो तळ्याशेजारच्या शेतातला पुंडलिक तर आमच्यावर पहिल्यापासून जळून राहिला!"

ऐकता ऐकता बापूचं रक्त तापलं आणि चहा हातावर सांडला.

"थांबा भैया, फुंकू नका," बेबीताई म्हणाल्या. "गारांचं पाणी लावावं लागते. आमच्याकडे दरसाल गारा वेचून बाटलीत भरतो, भाजल्यावर लावाले. यंदाची बाटली अजून भरलेलीच आहे, पण ती घरी राहिली."

शरयूनं मान वर केली. "चला, बाटली बघू."

तळ्यावर हिरवी साय होती आणि घाण वास मारत होता. राखणदार बळीराम झोपडीत एका अर्ध्या पोत्यावर बसला होता. मोतीबिंदूनं त्याचे डोळे दुधाळले होते.

"गारपिटीनंतर तळ्यात काय टाकलं, काका?" शरयूनं विचारलं.

"चुना, बाई. दरसाल टाकतो, पाणी साफ राहाले. यंदा भय्यासाहेबांनीच पोती पाठवली. मागच्या साली माझे हात सोलून निघाले, बेबीनं अख्खी बाटली रिकामी केली. यंदा देवाची कृपा, काही नाही झालं. उरलेला ठेवला. फेकाचा काहून?"

पुंडलिकचं शेत लागूनच होतं. बापू त्याच्यावर धावूनच गेला. "तुझ्या शेतातलं खत वाहून तळ्यात गेलं ना रे?"

"डोळे आहेत का तुम्हाले?" पुंडलिक भडकला. "माझं शेत तळ्याच्या खाली आहे. पाणी काय वर चढते? उलट तळंच माझ्या हरभऱ्यात पाझरते, म्हणून भांडतो मी. अन् गारांनंतर थेंब नाही पडला. तळ्यावर नजर भय्यासाहेबांच्या भाच्याची आहे, त्याले विचारा."

भय्यासाहेबांनी मात्र त्यांना चहा पाजला आणि एक कागद पुढे सरकवला.

"शास्त्र आहे, मॅडम. समुद्रकाठी पाऊस न् बर्फ आभाळातलं नत्र खाली आणतात, शेवाळ फुगतं, शिंपल्यांची शेती बुडते. तेच इथे झालं. गारपिटीच्या दिवशी मी स्वतः घमेलं ठेवून पाणी धरलं. तपासणीत नत्रही भरपूर निघालं, स्फुरद म्हणजे फॉस्फरसही. अच्छा, आता यात माणूस काय करणार?"

"काहीच नाही," शरयू गोड हसली. बापूला तिचा राग आला. संध्याकाळी बाटलीतलं थोडं पाणी आणि तळ्याचं पाणी घेऊन ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरली.

दुसऱ्या दिवशी सभेत तिनं बळीरामचं पोतं मधोमध ठेवलं.

"भय्यासाहेबांचा कागद खरा आहे. पाऊस नत्र आणतो, आणि समुद्रात कमी असतं ते नत्रच. पण तळ्यात शेवाळ अडतं ते स्फुरदावाचून, आणि स्फुरद आभाळातून जवळजवळ पडतच नाही. बेबीताईंच्या बाटलीत त्याच दिवशीच्या, याच गावच्या गारा आहेत. त्यात थोडं नत्र आहे, स्फुरद नाही. तळ्यात स्फुरद भरमसाट आहे. आणि भय्यासाहेबांच्या 'पावसात'सुद्धा! म्हणजे ते पाणी नंतर तळ्यातूनच भरलेलं."

"मग तळ्यात आलं कुठून?" बापूनं न राहवून विचारलं.

"बाटली भरलेली का राहिली, बापू? चुन्यानं दरसाल बळीरामकाकांचे हात पोळतात. यंदा पोळले नाहीत." शरयूनं तांब्याभर पाणी पोत्यात ओतलं. "कळीचा चुना असता तर खदखदला असता."

पोतं थंडगार राहिलं. पुंडलिकनं मूठभर करडे दाणे उचलून पाहिले. "अरे, हे तर डीएपी आहे, स्फुरदाचं खत!"

"शेवाळ या खतावर माजलं, रात्री त्यानंच पाण्यातला प्राणवायू संपवला, मासे पहाटे गुदमरले. ज्याला दिसत नाही, त्याच्याच हातून टाकून घेतलं."

"दुकानदारानं फसवलं असेल," भय्यासाहेब पुटपुटले.

"पोत्यात दुकानदारानं फसवलं असेल. खोटा पाऊस कोणी भरला?"

सरपंचांनी तळ्यासाठी आलेला भय्यासाहेबांच्या भाच्याचा अर्ज सगळ्यांसमोर फाडला आणि पट्टा बायकांकडेच राहील असं सांगितलं. पण बळीराम आपले हात डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"म्हणजे मीच मारले, बेबी? याच हातानं?"

बेबीताई उठल्या. त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि उरलेलं सगळं पाणी त्या न पोळलेल्या हातांवर ओतलं. ओतताना त्यांची नजर भय्यासाहेबांवरून हलली नाही.

"तुमचे नाही, काका," त्या म्हणाल्या. "हात त्याचे होते."