कोरं रक्त

तुलनागटातले उंदीर पुन्हा जिवंत राहिले, तेव्हा डॉ. रेवती घोसाळकरने हातमोजे कचऱ्याच्या डब्यात इतक्या जोरात आपटले की डबाच कलंडला. उंदीर जगले म्हणून कपाळाला हात लावणारी माणसं जगात फार नसतील. पण देवखिंडीच्या जीवाणू संशोधन केंद्रात टुलारेमियाची, म्हणजे सशांकडून माणसांत येणाऱ्या तापाची, लस तयार होत होती. जीवाणू दिल्यावर लस टोचलेले उंदीर जगायला हवे होते आणि न टोचलेले मरायला. दोन्ही जगले, तर लसीनं काय दिवे लावले हे सांगायचं कसं?

"पिंजरे बदलले, खाणं बदललं, उंदीर दुसरीकडून आणले," रेवती म्हणाली. "आता आणखी काय बदलू? मलाच बदला!"

केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर हसले नाहीत. न टोचलेल्या उंदरांचं रक्त त्यांनी नुकतंच तपासलं होतं. "घोसाळकर, यांच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. यांना लस मिळालीय."

"कोणी दिली?"

"शेजारच्या पिंजऱ्यानं."

टुलारेमियाचा जीवाणू मुळातच चोरपावलांचा. त्याच्या अंगावरच्या आवरणामुळे शरीराला त्याची चाहूल फार उशिरा लागते. या आवरणाला दोघांनी मौनकवच असं नाव दिलं होतं. लसीसाठी त्यांनी जीवाणू दुबळा केला, कवच मात्र राहू दिलं. शरीरानं त्याला आल्या आल्या मारलं तर ओळख पक्की व्हायला वेळच मिळत नाही, असं त्यांचं गणित होतं. कवचाआडचा जीवाणू काही दिवस गुपचूप राहायचा, मग शरीर त्याला ओळखून प्रतिपिंडं बनवायचं आणि संपवून टाकायचं. पण संपण्याआधी तो श्वासावाटे शेजाऱ्याकडे पोचलेला असायचा, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्यामुळे ना ताप यायचा ना खोकला, मग ध्यानात येणार तरी कसं?

रेवतीनं स्वतःचं रक्त तपासलं. होकार आला. मुजावरांचं, पहारेकऱ्यांचं, कॅन्टीनच्या शेवंताबाईंचं, पायथ्याच्या बाजारातल्या दुकानदारांचं, सगळ्यांचं उत्तर तेच. नागपूरहून मागवलेल्या नमुन्यांनीही होकारच दिला. लस सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी आलेले गेल्या वर्षीचे स्वयंसेवक ती घेऊन आपापल्या गावी गेले होते आणि जाताना ती वाटत गेले होते.

"एका माणसालाही न विचारता अख्ख्या राज्याला लस देऊन बसलो आपण," मुजावर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

परवानगी समितीपुढे त्यांनी सगळं खरं सांगितलं. समितीच्या अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची चाचणी प्रत्येकालाच हो म्हणते. मग ती चाचणीच बिघडलेली आहे असं आम्ही का धरू नये? निदान एका माणसाचं कोरं रक्त दाखवा."

बोलणं बिनतोड होतं, म्हणून रेवतीला आणखीच चीड आली. लसीच्या आधीचे गोठवलेले नमुने असते तर प्रश्न मिटला असता. पण शीतपेटी उन्हाळ्यात बंद पडून ते सगळे नासले होते. कोऱ्या रक्तासाठी तिनं ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना फोन करून नमुने मागवले, पण प्रत्येक नमुन्याचा होकारच आला. होकारांचा तिला आता अक्षरशः वीट आला होता.

एकच रक्त तपासायचा धीर तिला होत नव्हता. तिचा धाकटा भाऊ श्रीरंग तिच्याच घरी राहायचा. त्याचं मूत्रपिंड बदललेलं होतं. शरीरानं ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी तो रोज गोळ्या घ्यायचा आणि त्या गोळ्यांनी शरीराचे पहारेकरी कायम गुंगीत असायचे. दुबळा असला तरी जिवंत जीवाणू त्याच्या जिवावर बेतला असता. शेवटी मन घट्ट करून तिनं त्याचं रक्त आणलं.

चाचणीनं नकार दिला.

रेवती खुर्चीत बसली आणि चक्क रडली. तो वाचला होता. मुजावरांना तर काय करू नि काय नको असं झालं. "मिळालं! कोरं रक्त मिळालं!" म्हणत त्यांनी आधी श्रीरंगला आणि मग समितीला फोन लावला.

डोळे पुसता पुसता रेवती मध्येच थांबली. "सर, आपली चाचणी जीवाणू शोधत नाही ना?"

"छे, तो कसा सापडेल? शरीरानं त्याला दिलेलं उत्तर शोधते ती, म्हणजे प्रतिपिंडं..." मुजावरांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"श्रीरंगचं शरीर उत्तर देतच नाही," रेवती म्हणाली. "ते देऊ नये म्हणून तर मी त्याला रोज गोळ्या देते. तो माझ्याच घरात जेवतो, सर. बाकी सगळ्यांच्या शरीरानं जीवाणू संपवला. त्याच्यात कोण संपवणार?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताई, सरांनी सांगितलं! अख्ख्या राज्यात एकटा मीच कोरा म्हणे. निघालो की नाही एकदाचा तुझ्या कामाचा?"

"श्रीरंग, कपडे भर. मी गाडी घेऊन येतेय. आपल्याला हॉस्पिटलात जायचंय."

"हॉस्पिटलात? अगं, ठणठणीत आहे मी. अंगात ताप नाही की काही नाही."

"नाही ना," रेवती म्हणाली, "म्हणूनच."