बुरुलकानची सातवी पुरी

झिपारच्या घरी शुक्रवारी कढईत तेल तापलं की पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यासुद्धा तोंडावरून हात फिरवून दुवा मागत. काराकोल गावात यात नवल काही नाही. गेलेल्यांना अन्न पोचत नाही, वास पोचतो. म्हणून सात तोकोच, म्हणजे तळहाताएवढ्या पुऱ्या, तळायच्या, वास खिडकीतून सोडायचा आणि पुऱ्या शेजारीपाजारी वाटायच्या. झिपारची आई बुरुलकान होती तोवर एक शुक्रवार चुकला नाही.

झिपारची पाककृतींची वेबसाइटही त्याच दिवसांतली. सफरचंदाच्या झाडाखाली आई पीठ मळत बोलायची आणि झिपार टाइप करायची. आईचा उजवा अंगठा सामूहिक शेतावरच्या मळणीयंत्रात गेला होता, त्यामुळे पिठाची कड ती डाव्या अंगठ्याने मुडपायची. सातव्या पुरीपाशी मात्र तिचं तोंड मिटायचं.

"ही लिहू नकोस."

"का गं? लोक विचारतात."

"विचारू दे की! सगळंच ताटात वाढलं तर पाहुण्याने परत यायचं कशाला?"

आणि पाहुणे खरंच यायचे. वेबसाइट वाचून कुठून कुठून लोक यायचे, मागच्या दोन खोल्या उन्हाळाभर भरलेल्या असायच्या. आई त्यांना सातवी पुरी करून दाखवायची नाही, फक्त खायला घालायची. काय सुखाचे दिवस होते ते! झिपारला अजून त्या झाडाखाली बसलं की आईचं हसू ऐकू येतं.

आई गेली त्या वर्षी एका पाहुण्याने खोलीबद्दल लिहिलं, घर छान आहे, पण शुक्रवारी तेलाचा वास फार. झिपारने धसका घेतला. कढई माळ्यावर गेली. पुऱ्यांऐवजी ती विजेच्या भट्टीत रोट्या भाजू लागली. रोट्या चांगल्या होत, वास तेवढा घराबाहेर जात नसे.

मग यंदा वसंतात वाचक आटले. बहिणीचा मुलगा तिलेक राजधानीत, बिश्केकमध्ये लोकांच्या वेबसाइटी चालवतो. त्याने फोनवर समजावलं, "मावशी, आता काहीही शोधलं की उत्तर सगळ्यात वर तयारच येतं. खाली तुझ्या पानापर्यंत उतरतंय कोण?"

"उत्तर कुठलं? माझ्याच पानातलं ना?"

"तुझं, आणखी चार जणांचं. मिसळून."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. वास घेतात आणि दारातूनच परत जातात."

"असंच समज. बंद करून टाक मावशी. शनिवारी मी येतोच आहे, तेव्हा उरकू."

झिपार हो म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला रडू आवरेना. आईचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी उरला होता, आणि तो ती स्वतःच्या हाताने पुसायला निघाली होती.

गुरुवारी दुपारी तिने स्वतःच शोधून पाहिलं: सात तोकोच कसे करावे. वर चौकटीत उत्तर आलं. पीठ, दूध, लोणी, सगळं ओळखीचं, तिचंच. शेवटी लिहिलं होतं: "सातव्या पुरीची कड डाव्या अंगठ्याने मुडपावी. मधोमध दुधाचा एक थेंब ठेवावा. ही पुरी ज्याचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही त्याच्यासाठी."

तिने तिलेकला फोन लावला.

"यंत्र आहे मावशी, थापा मारतं. अंदाजाने जुळवतं."

"अंदाजाने? डावा अंगठा?"

"दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असेल."

"दुसऱ्या कोणाचा उजवा अंगठा गेला होता?"

तिलेक म्हणाला, "तूच कधी लिहून विसरली असशील." ते शक्य होतं. झिपारने आपलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. पानात सहाच पुऱ्या होत्या, अंगठ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

ती पुन्हा चौकटीकडे आली. खाली नेहमीचं शीर्षक होतं, 'लोक हेही विचारतात'. त्याखाली प्रश्न होते.

तोकोच किती वेळ तळावेत?

काराकोलमधला वास का थांबला?

खिडकी बंद का असते?

मुलगी घरात आहे का?

झिपारने फोन पालथा घातला. मागच्या खोल्यांत कोणी नव्हतं. खिडकी खरंच बंद होती. तिला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त वाटली ती लाज.

शुक्रवारी सकाळी तिने माळ्यावरून कढई काढली. घासली. खिडकी उघडली. पीठ मळताना डोळे सारखे भरून येत होते आणि समोरचं धड दिसत नव्हतं. सहा पुऱ्या तळल्या. सातवीची कड डाव्या अंगठ्याने मुडपली, दुधाचा थेंब ठेवला, तेलात सोडली.

वास उठला. अंगणात, झाडावर, गल्लीत गेला. पलीकडे कोणीतरी म्हातारी दुवा पुटपुटली.

झिपार पायरीवर बसली. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. पुऱ्या ताटात निवत होत्या, अजून कोणी हात लावला नव्हता. तिने फोन घेतला आणि तोच प्रश्न विचारला.

उत्तर तेच होतं. प्रश्न मात्र सगळे गेले होते.

तिने सुस्कारा सोडला. उद्या तिलेकला सांगायचं, वेबसाइट राहू दे. कोणी येवो न येवो.

मग तिला दिसलं की उत्तराच्या शेवटी एक ओळ वाढली आहे.

"पीठ मळताना रडू नये, मीठ घालायचं राहून जातं."

झिपारने सातवी पुरी उचलली आणि कड मोडून तोंडात टाकली.

अळणी होती.