गल्लीच्या रक्तातली आठवण

“तीन वर्षं झाली की टोच परत! आणि आला का कधी कुणाला तांबडा ताप? मग ही लस घ्यायची तरी कशाला?”

अंबक्का हे पुढच्या बाईच्या कानात बोलत होती, पण तिचं कानातलं बोलणं आरोग्य केंद्राच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर आवाज बारीक कसा राहणार? सोलापुरातल्या त्या विणकर गल्लीत सगळेच थोडे ओरडूनच बोलत.

आज खरं तर लस नव्हती, रक्ताचा एक थेंब द्यायचा होता. केंद्रात स्मृतिवाचक आला होता, शिवणयंत्राएवढा. चालून आलेला रोग रक्तात खूण ठेवून जातो, लसही ठेवते. कोणता जंतू कधी आला, कुणाच्या अंगात रुजला, कुणापाशी नुसता येऊन मेला, हे यंत्र थेंबातून वाचायचं आणि सगळ्यांचे थेंब जुळवून रोगाची वाट भिंतीवर उमटवायचं. गल्लीनं त्याला सह्या करून होकार दिला होता, तो चिन्नीसाठी.

चिन्नी सहा वर्षांची. अस्थिमज्जेच्या उपचारांमुळे तिला लस देता येत नव्हती. दीड वर्ष ती खिडकीतूनच गल्ली बघत होती. शाळा तीन आठवड्यांवर आली होती. पण गल्लीतल्या प्रत्येकाच्या रक्तात लस जागी असल्याचा दाखला मिळाला, तरच तिला बाहेर काढायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची आई सुगुणा पदराचं टोक मुठीत धरून यंत्रासमोर उभी होती.

मुजावर सिस्टरांनी शेवटचा थेंब घातला. भिंतीवर गल्लीतली घरं उमटली, घरांत माणसांचे ठिपके. मग कोपऱ्यातून एक तांबडी रेघ निघाली.

“हा फाल्गुनातला तांबडा ताप,” सिस्टर म्हणाल्या.

“आपल्याकडं? कधी आलता?”

“पहिला तुमच्याचकडे, अंबक्का. लेक लग्नाहून आला ना तुमचा?”

रेघ अंबक्काच्या ठिपक्याला टेकली आणि विझली. दुसरी फुटली, चहावाल्यापाशी विझली. तिसरी बाळंतिणीच्या सासूपाशी. मग पंधरा, मग चाळीस, मग मोजता येईनात. सगळीकडून येत होत्या आणि माणसाला टेकून विझत होत्या. त्या फाल्गुनात गल्लीनं रंग खेळला होता, दोन बारशी जेवली होती, नळावर भांडणं केली होती. कुणाला पत्ताही नव्हता.

“आपण तर नुसते उभे होतो की गं,” अंबक्का म्हणाली, आणि या वेळी तिचं बोलणं खरंच फक्त शेजारणीला ऐकू आलं. तिचा हात आपोआप दंडावर गेला होता.

एका ठिपक्यावर मात्र रेघ विझली नाही. ती त्यातून पार झाली आणि संध्याकाळमागून संध्याकाळ एकाच दाराशी जात राहिली. दोनदा सुगुणाच्या ठिपक्याला टेकली, दोनदा विझली. त्यापलीकडे बोटभर अंतरावर चिन्नीचा ठिपका होता.

सिस्टरांनी यादी पाहिली. “नरसिंग. डोसची नोंद आहे, पण रक्तात लशीची खूण नाही, तापाचीच आहे. आणि इरण्णा, तुमच्या रक्तात आठ दिवसांत दोन डोस?”

इरण्णा पंख्याकडे बघू लागला. कारखान्यात पाळीला जाता आलं नाही की आपल्या जागी बदली पाठवायचा, ही जुनी रीत. माग काही तोंड बघत नाही. सुईला भिणाऱ्या नरसिंगनं लशीलाही इरण्णाला बदली पाठवला होता, आणि सगळा कारखाना तेव्हा पोट धरून हसला होता. फाल्गुनात नरसिंगला दोन दिवस कणकण होती. उन्हाची म्हणून सोडून दिली. तो सुगुणाचा सख्खा भाऊ. रोज संध्याकाळी भाचीसाठी चिक्की घेऊन दाराशी जाणारा मामा.

“मशीन नवीन हाय ओ,” कुणीतरी म्हणालं. “चुकलं असंल.”

“चुकलं म्हणता? मग देते दाखला, जाऊ दे चिन्नीला शाळेत.” सिस्टरांनी पेन उचललं.

सुगुणानं भावाकडे पाहिलं नाही.

नरसिंग बाकावरून उठला. त्यानं शर्टाची बाही वर सरकवली.

“मशीन बरोबर हाय, सिस्टर. माझ्या जागी बदली गेलता. पोरीच्या दारात ताप मीच नेला.” त्यानं डोळे घट्ट मिटून दंड पुढे केला. “आत्ता टोचलं, तर तिची शाळा उघडेपर्यंत माझं रक्त शिकंल का ओ?”