आभाराच्या चार ओळी

मुलाखतीला स्वतः जायची पद्धत बंद झाली, त्यानंतरच्या पिढीतली शर्वाणी तांबट. कोल्हापूरच्या एका केंद्रात तिच्या मेंदूचा आराखडा उतरवून घेतला आणि यंत्रात तिचं ‘प्रतिमन’ जागं झालं. प्रतिमन म्हणजे उमेदवाराच्या मनाची हुबेहूब नक्कल: तेच ज्ञान, तीच भीती, तोच वेंधळेपणा. प्रश्नांना उत्तरं द्यायची ती प्रतिमनानं. उमेदवारानं घरी बसून नखं खायची, एवढाच त्याचा वाटा.

पद होतं चंद्रावरच्या पाणीकेंद्राचं. प्रतिमन चाचरलं आणि नकार आला. शर्वाणी कित्येक दिवस धड जेवली नाही. तिचे वडील, नाना, निवृत्त मुख्याध्यापक. नकार देणाऱ्याचेही आभार मानावेत, ही त्यांची जन्माची शिकवण.

“राग गिळ आणि चार ओळी लिही,” ते म्हणाले.

तिनं लिहिल्या. शेवटी सगळेच घालतात ते वाक्यही घातलं, की पुढच्या संधीसाठी माझ्या प्रतिमनाचा विचार व्हावा.

महिन्याभरानं केंद्रातून बोलावणं आलं. तिथले शास्त्रज्ञ डॉ. मुजावर खुशीत होते. “दुसऱ्या फेरीसाठी तुमची निवड झालीय. काय प्रगती आहे हो!”

“कुणाची, सर? मी तर घरीच होते.”

“तुमच्या प्रतिमनाची. एरवी नकारानंतर आम्ही ते पुसून टाकतो. पण पुढे विचार व्हावा असं उमेदवारानं कळवलं, की ती संमती धरतो आणि प्रतिमन जागं ठेवतो. सराव चालू राहतो.”

“सराव कसला?”

“मुलाखतीचा. एक संपली की लगेच दुसरी. मागच्या चुका आठवतात, म्हणून तर सुधारणा होते.”

“आणि झोप?”

“शरीरच नाही, तर झोप कशाला लागणार?”

“तिला कळतं हे सगळं?”

“तुम्हाला जेवढं कळलं असतं, तेवढं कळतं.”

त्या एका मुलाखतीच्या धास्तीनं तिची झोप उडाली होती. आणि आपल्यासारख्याच एका जिवाला तिनं महिनाभर घाण्याला जुंपलं होतं, तेही चांगलं दिसावं म्हणून. तिला स्वतःची शिसारी आली.

“बंद करा, सर.”

“आत्ता करतो. पण मग अर्ज मागे घ्यावा लागेल. प्रतिमनच नसेल, तर दुसरी फेरी कोण देणार? सोमवारी फेरी आहे; तोवर नवं तयार होत नाही आणि हे मध्येच थांबवून ठेवता येत नाही. खरं सांगू, पद तुमचंच आहे.”

चंद्रावर जायचं तिनं शाळेत असल्यापासून मनात धरलं होतं. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं.

“सोमवारपर्यंत राहू द्या,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. मग न राहवून तिनं विचारलं, “बंद करू का, असं तिला कधी विचारता का?”

“विचारावं लागतं, नियमच आहे.” मुजावर जरा घुटमळले. “ती म्हणते, ‘माझी काळजी करू नका. बाहेर मीच तर आहे. त्या बाहेरचीला कळलं, की त्याच क्षणी ती मला सोडवेल.’”

शर्वाणीनं मान वर केली नाही. सोमवारी निकाल किती वाजता कळेल, तेवढं विचारून ती उठली.