खडा अजून लागला नाही

घटना खरी आहे. असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. आमच्या पेजवर मीही शंभरदा म्हटलंय आणि निम्म्या वेळा चक्क थाप मारली आहे. ही थाप नाही. फक्त यातली नावं मी बदलली आहेत. का, ते पुढे येईल.

गाव पाथर्डीच्या पुढचं. यंदाच्या मे महिन्यातला सोमवार. वेळ भर दुपारची.

आदिनाथ माझा मावसभाऊ. दिवसा औषधाच्या दुकानात काम करायचा आणि उरलेल्या वेळात आमच्या भयकथांच्या पेजवर लिहायचा. त्याच्या कथांत हडळ नसायची, पांढरी साडी नसायची. आभाळापलीकडचं नाहीतर जमिनीखालचं काहीतरी असायचं, ज्याच्या लेखी माणूस म्हणजे मुंगीसुद्धा नाही. वाचणाऱ्यांची झोप उडायची आणि हा पठ्ठ्या खुशाल घोरत पडायचा.

रविवारी त्याने नवी कथा टाकली. त्यांच्या घरामागे नऊशे फूट खोदूनही कोरडी गेलेली बोअर आहे. कथेतली बाई त्या बोअरवरची फरशी सरकवते. पाणी आलंय का बघायला खडा टाकते आणि आकडे मोजू लागते. खडा तळाला लागतच नाही. आणि बाईला मोजणं थांबवता येत नाही.

खरं वाटावं म्हणून त्याने गावाचं नाव खरं घातलं. बाईला आपल्या आईचं दिलं. रंगुबाई.

सोमवारी तो जेवायला घरी आला. ताट वाढलेलं होतं. आई नव्हती.

मागून फरशी घासल्याचा आवाज आला...

मग काहीच नाही. कोंबड्यासुद्धा गप्प.

मावशी बोअरवर वाकून उभी होती.

"आई, काय करतीस?"

तिने हातानेच थांब म्हटलं.

"एक ईस आन चार... एक ईस आन पाच..."

मावशीला अक्षरओळख नाही. कथा तिला कोणी वाचूनही दाखवली नव्हती.

"खडा मातीत रुतला असंल. चल जेवाया."

"न्हाई लागला अजून," ती म्हणाली. "एक ईस आन धा."

मावशी बाजारातही विसावरच मोजते. पाच विसा झाल्या की तिचं गणित संपतं. शंभर होत आले तसं आदिनाथला हायसं वाटलं. आता थांबेल.

"एकशे एक," मावशी म्हणाली.

संध्याकाळी ती एकवीस हजारांवर होती. एकही आकडा चुकला नव्हता.

झोपेतही ओठ हलत राहिले. दोन आकड्यांच्या मधे घास गिळायला सवड नव्हती. डॉक्टरांनी घरी येऊन सलाइन लावलं, वयानं होतं असं म्हणाले. गुरुवारी मी गेलो, तेव्हा तिचे गाल आत गेले होते आणि आवाज फुटका झाला होता. ही बाई अशीच मोजत मोजत जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी फार घाबरलो होतो.

आदिनाथने कथेला शेवट जोडला. खडा पाण्यात पडला, रंगुबाई घरात गेली.

मावशी मोजतच राहिली.

मग तो मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसला. 'रंगुबाई' खोडून त्याने 'आदिनाथ' लिहिलं. मी बघत होतो. मी अडवलं नाही.

"दोन लाख एकोणसाठ हजार आठ..."

मावशी थांबली. आमच्याकडे पाहिलं.

"लई भूक लागलीया रं," म्हणाली.

मला रडूच फुटलं. भाकरी आणायला मी धावत आत गेलो.

आणि कोपऱ्यातून आवाज आला...

"दोन लाख एकोणसाठ हजार नऊ."

त्याला आता अठरा दिवस झाले. सलाइन चालू आहे. त्या नावाच्या जागी मी एक खोटं नाव घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. ते काढून पुन्हा त्याचंच लिहिलं. कथा पुसायला हात धजत नाही, कारण तो तिच्यातच आहे.

"मोबाईलमदी काय केलं त्येनं?" मावशीने विचारलं होतं. मी सांगून बसलो. सांगायला नको होतं.

आता रोज सकाळी तिचा फोन येतो. मागे त्याचे आकडे ऐकू येतात, दिवसेंदिवस बारीक होत चाललेले.

"माजं नाव परत लिव्ह, बाळा. मला येतंय आता मोजाया."

पेजचा पासवर्ड आता एकट्या माझ्याकडे आहे. काय करू, सुचत नाही. रात्रभर विचार करतो आणि सकाळी फोन वाजतोच.

यातली नावं बदलली, ती खरं नाव लिहायची भीती वाटते म्हणून. माझं तर मी कुठे घातलंच नाही.

खऱ्या नावाने काम होतं. त्याच्या जागी माझंही लिहिता येईल, हे मला कळतं. मावशीलाही कळत असणार. ती एकदाही तसं म्हणालेली नाही.